फरशी बसवायचा दर किती लावावा? (सांगली-मिरज)

मिरजेचा_फरशीवाला
नमस्कार मंडळी. मी स्वतः फरशी बसवतो, सोबत एक हेल्पर. बिल्डरांच्या साइट सध्या थंड आहेत, घरगुती कामांवरच चाललंय. विश्रामबागला एक फ्लॅट बघून आलो. 700 चौरस फूट, दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाईल. मी फुटाला 28 रुपये सांगितले, दुसरा कुणीतरी 22 ला तयार आहे. मालक म्हणतात, "तुमचं काम आवडलंय, पण दर जुळवा." हेल्परची हाजरी कमी करणार नाही, त्याचं घर त्यावर चालतं. दर उतरवू का काम सोडू?

ओळंबा
भाऊ, आधी त्या 22 मध्ये काय काय धरलंय ते मालकांना विचारायला लावा. असा दर बहुतेक वेळा नुसत्या फ्लोअरिंगचा असतो. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर वेगळं, उंबऱ्याच्या ग्रॅनाइटचं मोल्डिंग (कड घासून गोल करणं) वेगळं, माल वर चढवायचे वेगळे. 700 फुटांवर फरक दिसतो 4,200 चा, पण हे सगळं मिळवलं की बराचसा निघून जातो. तुम्ही कोटेशनमध्ये प्रत्येक बाब सुटी लिहा.

आता तुमचा हिशेब. दोघं मिळून दिवसाला 100 फूट बसवता असं धरू. 28 ने 2,800 होतात. हेल्परचे 700, पेट्रोल आणि कटरचं ब्लेड मिळून 300, तुमच्या हातात 1,800. 22 ने हातात राहतात 1,200. दर उतरला पाचव्या हिश्श्याने, तुमची कमाई गेली तिसऱ्या हिश्श्याने. शिवाय महिन्यात बिनकामाचे दिवस असतात ते याच पैशातून काढायचे.

कमी करायचंच असेल तर बदल्यात काहीतरी मागा. "साइट पूर्ण मोकळी द्या, टाईल तुम्ही वर चढवून घ्या, पाणी-लाइट तयार ठेवा, मग 26 ने करतो." मोकळ्या साइटवर दिवसाचे फूट खरंच वाढतात, त्यामुळे ते दोन रुपये तुमच्या खिशातून जात नाहीत.

तासगावचा_गवंडी
मला हे पूर्ण पटत नाही. पावसाळ्यात घराजवळचं काम असेल तर मी 24 नेही घेतो, हात रिकामा ठेवत नाही. ऊसबिल, द्राक्षाचे पैसे आले की गावाकडची कामं निघतात, तेव्हा दर परत मिळतो. पण कमी दराच्या कामात उधारी अजिबात नाही. आठवड्याच्या आठवड्याला झालेलं काम मोजायचं आणि पैसे घ्यायचे.

सांगलीवाडीकर
मी मिस्त्री नाही, घरमालक आहे. पहिल्यांदा सगळ्यात कमी दरवाल्याला काम दिलं होतं. बाथरूमचा ढाळ उलटा झाला, पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी निघून जायच्या जाळीकडे) जायचं सोडून दाराशी साचायचं. सगळं फोडून पुन्हा करावं लागलं. नंतरच्या मिस्त्रींनी ग्राउट (टाईलच्या सांध्यांतला मसाला) भरायच्या आधी माझ्यासमोर बादलीभर पाणी ओतून दाखवलं. रुपयाच्या नाण्याने एकेक टाईल वाजवली, एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला ती लगेच काढून परत बसवली. त्यांचा दर जास्त होता, मी घासाघीस केली नाही. तुम्ही मालकांना तुमचं एखादं जुनं काम नेऊन दाखवा आणि तिथे असंच नाणं वाजवायला सांगा.

टाईल_दुकान_कुपवाड
मंदीत लोक नवं घर बांधत नाहीत, जुनंच नीट करतात. जुन्या फरशीवर ॲडहेसिव्हने नवी टाईल बसवायची कामं घ्या. फोडाफोडी नाही, राडारोडा नाही, मालकांचा खर्च वाचतो, मग दरावरून ओढाताण कमी होते. फक्त जुनी फरशी कुठे पोकळ आहे का ते बघा. लेव्हल साधारण अर्धा इंच वर येते, त्यामुळे दारं खालून तासावी लागतील हे आधीच सांगा, नाहीतर सुताराचे पैसे तुमच्याकडून मागतील. आणि मटेरियल स्वतःच्या पैशाने उचलू नका, मालकांनाच दुकानात पाठवा.

मिरजेचा_फरशीवाला
सर्वांचे आभार. 26 चा प्रस्ताव अटींसह लिहून देतो, स्कर्टिंग वेगळं. एक राहिलंच. मालक आता हॉलला दोन बाय चारची टाईल घ्यायची म्हणतायत. त्याच दरात बसते का?

ओळंबा
नाही, तिला वेगळा दर लावा. ती उचलायलाच दोन माणसं लागतात, शेजारच्या टाईल एका पातळीत धरायला लेव्हलिंग क्लिप लागतात आणि कोबा (टाईलखालचा सिमेंटचा थर) जरा जरी वर-खाली असला तरी कडा लगेच पायाला लागते. क्लिप आणि ॲडहेसिव्ह मालकांनी द्यायचं, हेही त्याच कागदावर लिहून टाका.