मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्यांची संगत कुठे मिळेल? (सल्ला हवा आहे)

कोरांटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

गडहिंग्लजजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पोरांना रोज गोष्ट लागते. शाळेच्या पेटीतली पुस्तकं संपली तशा मीच रचायला लागले. त्यातल्या सात-आठ वहीत उतरवल्यात. सगळ्यात चाललेली गोष्ट एका म्हशीची आहे. ती डबक्यात बसते आणि उठतच नाही. घरचे, शेजारचे, पोस्टमन, सरपंच, सगळे येऊन जातात. पोरांनी ती इतक्यांदा ऐकलीय की मी एखादा शब्द बदलला तर ओरडतात.

याचं पुस्तक व्हावं असं वाटतं. मग आधी चित्रकार शोधायचा की प्रकाशक? मामेबहिणीची मुलगी बारावीला आहे, चित्रं फार सुंदर काढते. तिच्याकडून काढून घेऊ का? एका प्रकाशनाला फोन केला होता, तर छपाईचा खर्च मी द्यायचा आणि वर ३०० प्रती मीच उचलायच्या असं म्हणाले. ही रीतच आहे का?

आणि खरं तर पहिला प्रश्न हाच: माझ्या आसपास हे काम करणारं कुणीच नाही. स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं की "छान आहे हो मॅडम" यापलीकडे काही मिळत नाही. कुठं अडतंय, कुठं लांबलंय, हे कोण सांगणार? अशी मंडळी भेटतात कुठं?

बोरकूट
३०० प्रतींबद्दल: नको. स्वतःच्या पैशाने छापायचंच असेल तर सरळ छापखान्यात जा, मधला माणूस तरी वाचेल. बाकी जाणकार सांगतीलच. वाचनखूण साठवलीय.

चटकचांदणी
चित्रं आता एआय काढून देतं की! दोन मिनिटांत पुस्तक तयार.

बोरकूट
@चटकचांदणी, हो, आणि दर पानावर म्हशीला वेगळी शिंगं.

रेघोट्या
कोरांटीताई, मी चित्रकार. पुण्यात असते, १२ वर्षं मुलांच्या पुस्तकांचं काम करतेय. प्रतिसाद मोठा होणार आहे, चहा घेऊन बसा.

चित्रकार तुम्ही शोधायचा नाही. प्रकाशकाकडे नुसती संहिता पाठवायची. कुठल्या गोष्टीला कुणाचा हात शोभेल हे ठरवणं संपादकाचं काम, आणि चित्रकाराचं मानधन प्रकाशकाने द्यायचं. तुम्ही चित्रांसकट पाठवलंत आणि गोष्ट आवडून चित्रं आवडली नाहीत, तर बहुतेक वेळा दोन्ही परत येतं. गोष्ट घेतली तरी भाचीची चित्रं बाजूला पडतात आणि दिवाळीला घरात तोंडं फिरतात. एकाच माणसाने लिहिलं-काढलं असेल तर गोष्ट वेगळी. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं पाहिली असतीलच. शब्द कुठे थांबतो आणि चित्र कुठे पुढे सरकतं ते त्यांच्याकडे बघून शिकावं. २०१६ साली पहिला 'बिग लिटल बुक अवॉर्ड' त्यांना लेखनासाठी मिळाला, पण ते लेखन चित्रकाराच्या डोक्यातून आलेलं आहे असं मला कायम वाटतं.

तुमच्या गोष्टीची सुरुवात इथे टाकाल का? चार ओळी पुरेत. मग काय ते नेमकं बोलता येईल.

कोरांटी
रेघोट्याताई, खूप आभार. ही घ्या, हसू नका:

"काशीबाईची म्हैस होती काळीभोर. तिची शिंगं होती वाकडी, कान होते लांब. एके दिवशी भर दुपारी ती गावाबाहेरच्या डबक्यात जाऊन बसली. पाणी होतं गढूळ, वर हिरवं शेवाळ. म्हैस काही उठेना."

पूर्ण गोष्ट साधारण १,१०० शब्दांची आहे.

रेघोट्या
हसले नाही. शेवटचं वाक्य वाचून मान डोलावली.

आता बघा. काळीभोर, वाकडी शिंगं, लांब कान, गढूळ पाणी, शेवाळ. हे सगळं मी काढणार ना? तुम्ही लिहूनही ठेवलंत तर मी काय करू, तेच पुन्हा रंगवू? वर्गात सांगताना ही वर्णनं लागतात, कारण पोरांसमोर चित्र नसतं. पुस्तकात ती शब्दांतून काढून माझ्याकडे द्या. उरतं ते असं: "भर दुपारी काशीबाईची म्हैस डबक्यात बसली. म्हैस काही उठेना." त्यातला 'काही' मात्र कुणी सांगितलं तरी काढू नका, मोठ्याने वाचताना ठेका त्याच्यावर आहे.

आणि शब्दांत नसलेलं काहीतरी मला करायला ठेवा. समजा, पहिल्या पानापासून म्हशीच्या पाठीवर एक बगळा बसलाय. गोष्टीत त्याचा उल्लेख कुठेच नाही. पोस्टमन येतो तेव्हा दोन बगळे, सरपंच येतात तेव्हा पाच. मास्तर वाचत राहतील आणि पोरं पान उलटू देणार नाहीत. १,१०० शब्दांचे ४०० झाले तरी गोष्ट कमी होणार नाही.

आता संगतीचं. आमचा पाच जणींचा गट आहे, तिघी लिहितात, दोघी चित्रं काढतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ऑनलाइन भेटतो. नियम कडक आहेत. आपली गोष्ट आपण वाचायची नाही, दुसरीने वाचायची. ती जिथे अडखळते तिथे लिहिणारीने मुकाट खूण करायची. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणारीने तोंड उघडायचं नाही ("अगं, मला तिथं असं म्हणायचं होतं" हे चालत नाही, पुस्तकासोबत तुम्ही घरोघर जाणार नाही आहात). आणि "छान आहे" म्हटलं की दहा रुपये दंड. त्या पैशांची वर्षाअखेर भेळ होते. असा गट शोधून मिळत नाही हो. दोघींपासून सुरू करायचा, एक लिहिणारी आणि एक काढणारी असली की झालं. ती बारावीतली भाची या कामासाठी मात्र अगदी योग्य आहे! पुस्तकाची चित्रं तिच्याकडून नकोत, पण तुमची गोष्ट वाचून तिच्या डोळ्यांसमोर काय येतं ते तिला विचारा.

फर्मा१६
छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून हे तांत्रिक सांगतो. ए-४चे ८ कागद एकात एक घाला, मधोमध दुमडा, पिन मारा. ३२ पानांची वही झाली. चित्रपुस्तक साधारण २४ किंवा ३२ पानांचं असतं, कारण छपाई फर्म्यावर चालते, एका मोठ्या कागदावर मावणाऱ्या १६ पानांचा एक फर्मा, २४ म्हणजे दीड. मनाला येईल तसं २७ पानांचं पुस्तक होत नाही. ३२ मधून शीर्षकाचं, श्रेयनामावलीचं पान गेलं की हातात १३-१४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात.

आता गोष्ट कात्रीने कापून त्या वहीत पानापानावर चिकटवा. एका जोडपानात एक प्रसंग. कुठे पान उलटायची घाई होते आणि कुठे नुसतीच गर्दी होते ते लगेच दिसेल. सरपंच उजव्या पानावर आधीच दिसला तर फुकट गेला, त्याला पान उलटल्यावर येऊ द्या. महत्त्वाचं काही, म्हशीचं तोंड वगैरे, दोन पानांच्या मधल्या घडीत येऊ देऊ नका असं चित्रकाराला सांगा. (चित्रकार म्हणेल मला माहीत आहे. तरी सांगा.)

आजोळ
कोरांटी, तुला एकेरी हाक मारतो, माझ्या लेकीच्या वयाची असशील.

पुस्तकाची घाई कशाला? आधी मासिकात जाऊ दे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे. 'वयम्' आहे. तुझ्या वर्गाच्या वयासाठी 'चिकूपिकू' बघ. साधनेचा बालकुमार दिवाळी अंकही असतो. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच ठरतो, तेव्हा नवरात्रात पाठवशील तर पुढच्या वर्षावर जाशील. मासिकात छापून आलं की तुला संपादक मिळतो आणि तुझ्या गोष्टीला चित्रकार मिळतो, दोन्ही फुकटात. भा. रा. भागवतांनी तर १९५१ साली 'बालमित्र' हे स्वतःचं मासिकच काढलं होतं. मुलांसाठी लिहिणारी आपली कितीतरी माणसं मासिकांच्या अंगणातच वाढली.

दुसरं, पालघर जिल्ह्यातली 'क्वेस्ट' संस्था 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम करते. नट मंडळी शाळांमध्ये जाऊन मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी सादर करतात. जमलं तर एकदा बघ. शंभर पोरांसमोर गोष्ट कुठं पातळ होते ते कुठल्याही संपादकापेक्षा लवकर कळतं.

सातासमुद्रा
मी सिॲटलला असते. इकडे या कामासाठी 'सोसायटी ऑफ चिल्ड्रन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स' ही मोठी संस्था आहे. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टीफन मूसर आणि लिन ऑलिव्हर या दोन तरुण लेखकांनी सुरू केली, कारण त्यांनाही अशी संगत सापडत नव्हती. (आपलं 'किशोर'ही त्याच वर्षीचं, हे आत्ता आजोळकाकांमुळे लक्षात आलं!) आता जगभर शाखा आहेत, भारतातही आहे. एकही पुस्तक न छापलेल्या माणसालाही सभासद होता येतं. एकमेकांचं वाचायचे गट, संपादकांकडून संहिता तपासून घेणं, चित्रकारांच्या कामाचं प्रदर्शन, सगळं असतं. मी तीन वर्षं सभासद होते, पहिला खरा वाचक मला तिथेच मिळाला.

पण प्रामाणिकपणे सांगते, सगळा कारभार इंग्रजीचा आणि वर्गणी वार्षिक. मराठीत लिहिणाऱ्याला त्याचा किती उपयोग, याची शंका आहे. भाचीला मात्र बोलोन्याबद्दल सांगून ठेवा. इटलीतल्या त्या शहरात १९६४ पासून मुलांच्या पुस्तकांची जत्रा भरते, त्यात १९६७ पासून चित्रकारांचं निवडक प्रदर्शन असतं. तिथे एक भिंत असते, जगभरचे चित्रकार त्यावर आपापली चित्रं नि पत्ते चिकटवून जातात. दुसऱ्या दिवशीपर्यंत भिंतीचा मूळ रंग दिसत नाही.

पाटीपेन्सिल
कोणी 'स्टोरीवीव्हर' कसं सांगितलं नाही? ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट बंगळूरच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केली. मराठीत थेट लिहिता येतं, आधीची चित्रं घेऊन त्यांच्याभोवती गोष्ट रचता येते, फुकट. चेन्नईची 'तूलिका'सुद्धा मराठीत चित्रपुस्तकं काढते.

रेघोट्या
@पाटीपेन्सिल, सरावाला उत्तम. मीही नवशिक्यांना तेच सांगते. पण तिथला परवाना मोकळा आहे. श्रेय देऊन कुणीही ती गोष्ट वापरू शकतो, बदलू शकतो, विकूसुद्धा शकतो. गोष्ट सगळ्यांची व्हावी असं वाटत असेल तर जरूर टाका, पण कळून-सवरून टाका. म्हशीची गोष्ट पहिल्यांदा तिथे नको.

आणि आता विषय निघालाच आहे तर. माझं एक पुस्तक आहे, नाव सांगत नाही, प्रकाशकाचंही सांगत नाही. ३२ पानं, चार महिने काम. मुखपृष्ठावर फक्त लेखकाचं नाव. माझं आत, बारीक टायपात, तेही चुकीचं. एकरकमी पैसे घेतले होते, कागदावर काहीच नव्हतं. दोन वर्षांनी तीच चित्रं वह्यांच्या कव्हरवर दिसली. भांडायला गेले तर म्हणे, "पैसे दिले होते ना?" तेव्हा बसून १९५७चा कॉपीराइट कायदा वाचला. लेखकाचं सरळ आहे, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं नसेल तर पहिली मालकी त्याची. चित्रकाराचं तसं नाही. कलम १७ प्रमाणे पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि उलट करार नसेल, तर पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. म्हणजे तोंडी कामात लेखक वाचतो, चित्रकार बुडतो. भाचीला आजच सांगा: पहिली रेघ मारण्याआधी "हक्क माझ्याकडे राहतील" हे लिहून घ्यायचं.

तुमच्यासाठी कलम १९: हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत" असं दिसलं की थांबा, विचारा. आणि हक्क देऊन टाकले तरी निर्माता म्हणून नाव सांगायचा अधिकार कलम ५७ मुळे तुमच्याकडेच राहतो.

बोरकूट
वह्यांच्या कव्हरवर! कठीण आहे.

कोरांटी (अडीच महिन्यांनी)
धागा वर काढतेय, हिशेब द्यायचा राहिला होता.

फर्माकाकांच्या सांगण्याप्रमाणे वही केली. पहिल्याच चिकटवाचिकटवीत कळलं की माझ्याकडे पाहुणे नऊ आहेत, आणि त्यातले तीन तेच तेच बोलतात. दोन काढले. पोस्टमनला काढायला गेले तर दुसरीच्या वर्गाने बंड केलं, तो राहिला. आता ४३० शब्द आहेत. भाचीला वाचायला दिली, ती दोन ठिकाणी अडखळली, मी गप्प बसले (फार अवघड आहे हो ते). तिने बगळ्याऐवजी बेडूक सुचवलाय. आम्ही दोघी आणि आजऱ्याचे एक चित्रकला शिक्षक, असा तिघांचा गट झालाय. दुसऱ्या शनिवारी त्यांच्या घरी बसतो. दंड पाच रुपये, आम्ही गावाकडचे.

एका मासिकाला पाठवलीय, अजून उत्तर नाही. एक गोष्ट मात्र अडलीय. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "पण तिला उठायचंच नसेल तर?" माझ्या गोष्टीत शेवटी पाऊस येतो आणि म्हैस उठून घरी जाते. आता तो शेवट मलाच पटेना.

रेघोट्या
त्या मुलीला गटात घ्या. आणि म्हशीचं नाव काय आहे ते सांगितलंच नाहीत.

कोरांटी
मी ठेवलंच नव्हतं. पोरं तिला 'मॅडम' म्हणतात.