बोलत नाही, पण समजतं का?

वर एका ताईंनी लिहिलंय की मुलगा दोन वर्षांचा झाला, बोलत नाही, पण "त्याला सगळं समजतं". हे समजणं एकदा नीट तपासून बघा. इथं तासगावात अंगणवाडीच्या दारात रोज दिसतं: आई म्हणते, "बाळा, चप्पल आण", आणि तिचं बोट अन् नजर दोन्ही चपलेकडंच. पोरगं बोटामागं जातं, शब्दामागं नाही. हात न हलवता, चप्पल समोर नसताना, नेहमीच्या आवाजात सांगून बघा. या वयाला एवढं जमायला हवं. नाक, कान, पोट कुठंय विचारलं तर दाखवताही यायला हवं.

वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं बोटानं काही दाखवत नसेल किंवा आलेले शब्द मागं पडले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून अजिबात थांबू नका. आधी कानांची तपासणी करा. घरी ताट वाजवून बघणं ही तपासणी नव्हे; कमी ऐकणारं मूलही त्या आवाजाला दचकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत येतं. सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा. पुढच्या तपासणीला तेच पाठवतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.