पंगस माशाचं मांस पिवळं, वर मातकट वास: खाद्याचा दोष की गर्दीचा?

शेततळं३०बाय३०
प्लास्टिकचा कागद टाकलेलं ३०×३०×३ मीटरचं तळं. पंगस ५००० नग, सरासरी ७०० ग्रॅम. २८ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य निम्मं, बाकी मक्याचा भरडा आणि तांदळाचा कोंडा. दिवसाला ७० किलो. मरतूक नाही, पण व्यापारी पिवळं मांस, पोटातली चरबी आणि वास दाखवून दर पाडतोय.

खाद्यगणित
रंग मक्याचा. पिवळ्या मक्यातलं झँथोफिल हे पिवळं रंगद्रव्य पंगसच्या चरबीत साठतं, हिरवं पाणी त्यात भर घालतं. आज मका थांबवला तरी आठवड्यात फरक दिसणार नाही, दीड-दोन महिने धरा. चरबीचं कारण वेगळं: निम्म्याला निम्मं मिसळल्यावर प्रथिनं १९ टक्क्यांच्या आसपास येतात आणि पिष्ट वाढतं. वजन भरतं, पण आतड्याभोवती. वाचवलेले पैसे मासा साफ करताना चरबीसोबत फेकले जातात.

एरेटर_चालू
मरतूक नाही यावर जाऊ नका. पंगस वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी बिघडलेलं कळतच नाही. उतार धरून तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी. नुसतं २८ टक्क्यांचं ७० किलो खाद्य दिलं तर त्यात ३ किलोच्या वर नायट्रोजन, आणि त्यातला दोन-तृतीयांश पाण्यात उतरतो. म्हणजे रोज लिटरला १ मिलिग्रॅम. तुमच्या मिश्रणात थोडा कमी, पण न पचलेला कोंडा तळाशी साचतो. कागदावर मातीचा थर नाही, गाळ काढायची सोय नाही, मग या नायट्रोजनवर निळं-हिरवं शेवाळ माजणारच. मातकट वासाचं जिओस्मिन त्यातूनच कल्ल्यांवाटे माशात जातं. पाणी बदलायची सोय नसेल तर चौरस मीटरला २ नग पुरेत. तुमचे साडेपाच आहेत.

शेततळं३०बाय३०
मग मोरचूद टाकून शेवाळ मारू का?

एरेटर_चालू
काढणीआधी अजिबात नको. शेवाळ एकदम मेलं की आतलं जिओस्मिन पाण्यात सुटतं आणि पहाटे ऑक्सिजन कोसळतो. त्यापेक्षा विक्रीचे मासे वेगळ्या टाकीत घ्या. बोअरचं पाणी आधी हवा देऊन, खाद्य बंद, वाहतं पाणी, ४ ते ७ दिवस. चरबी जास्त म्हणून तुमच्याकडे वेळ लागेल, थोडं वजनही घटेल. टाकीच्या भिंती घासून घ्या, नाहीतर तिथलंच शेवाळ परत वास देतं. रोज एका माशाचा शेपटीकडचा तुकडा बिनमिठाचा, झाकून वाफवा आणि झाकण काढताक्षणी हुंगा.

खाद्यगणित
आणि टप्प्याटप्प्याने काढा. निम्मे गेले की उरलेल्यांना पूर्ण तरंगतं गोळी खाद्य, माशांच्या एकूण वजनाच्या दीड-दोन टक्के रोज, तेही दोन वेळांत विभागून. २० मिनिटांत संपत नसेल तर पुढच्या वेळी कमी करा.