मांजर टक लावून बघतं ते मायेनं की मतलबानं?

चिकित्सक:
"आमची मनी माझ्याकडे एकटक बघत बसते, किती जीव आहे तिचा!" हे ऐकून ऐकून कान किटलेत. माझ्या मते तो जीव नव्हे, तगादा. आमचा बोका पहाटे उशाशी येऊन बसतो. ओरडणं नाही, पंजा मारणं नाही, नुसता बघतो. मी डोळे किलकिले केले की उठून स्वयंपाकघराकडे दोन पावलं जातो आणि वळून पुन्हा बघतो. ताटलीत खाणं पडलं की मी कोण, कुठला! रविवारी बायको बांगडे साफ करायला बसली की तीच नजर तिच्यावर. म्हणजे दर रविवारी त्याचं प्रेम तिकडे वळतं का? बघितलं की माणूस उठतो, हे आपणच त्याला शिकवलंय. पटत नसेल तर बोला, पण "मला आतून जाणवतं" हा पुरावा चालणार नाही.

वाघाची मावशी:
पुरावा घ्या. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मालकानं मांजराकडे बघत डोळे बारीक करून हळूहळू उघडझाप केली, तर मांजरंही डोळे बारीक करून तसंच उत्तर देत. पुढे अनोळखी माणसानं अशीच उघडझाप करून हात पुढे केला, तेव्हा कोरा चेहरा ठेवला होता त्यापेक्षा मांजरं हाताकडे जास्त वेळा आली. नुसत्या पापण्यांनी एवढा फरक पडतो, आणि तुम्ही म्हणता सगळं बांगड्यासाठी?
आमची चिंगी पोट भरल्यावर कपाटावर चढते, पुढचे पाय छातीखाली दुमडते आणि मी वाचत असताना माझ्याकडे बघत बसते. मी पापण्या मिटल्या की तीही अर्ध्या मिटते. यात तगादा कुठे आला?

चिकित्सक:
तुमचा अभ्यास डोळे मिटण्याचा, आपला वाद न मिटण्याचा! गच्चीवर दोन बोके समोरासमोर आले की पाहा. पापणी न लववता रोखून बघणं ही त्यांच्यात धमकी असते, आणि ज्यानं आधी नजर वळवली त्यानं माघार घेतली.

सुकट-बोंबील:
आमच्याकडे अंगणात वाळत घातलेल्या सुकटीवर मांजराचं एवढं प्रेम आहे की तासन्‌तास नजर हटत नाही. सुकटीनं मात्र अजून पापणी लववलेली नाही.

दवाखान्यातून:
मी पशुवैद्यक आहे. दोघेही फक्त डोळ्यांबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. कान, शेपूट, पाठ यांच्याकडेही बघा. कान पुढे, शेपटी उभी आणि तिचं टोक किंचित वाकलेलं, तर मांजर खुशीत आहे. कान मागे चपटे, अंग आखडलेलं, शेपटी आपटतेय, तर त्या नजरेला नजर देऊ नका, उचलायला तर अजिबात जाऊ नका.
वाद बाजूला ठेवून दोन गोष्टी. म्हाताऱ्या मांजराच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच राहत असतील आणि ते शून्यात बघत असेल, तर त्याला बहुधा दिसतच नाहीये. मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या आजारात रक्तदाब वाढतो आणि डोळ्याचा पडदा सुटतो. घरचे म्हणतात, "हल्ली फार विचारात असते." दुसरं, बोका सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, लघवी होत नाहीये आणि तुमच्याकडे येऊन बघतोय, तर उद्यावर ढकलू नका. लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

वाघाची मावशी:
डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं झालं.
चिकित्सक, तुमच्यासाठी आणखी एक. इटलीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांजरांसमोर फिती बांधलेला पंखा चालू केला. बऱ्यापैकी भीतिदायक वस्तू. ७९ टक्के मांजरांनी आळीपाळीनं पंख्याकडे आणि मालकाकडे पाहिलं. "हे काय आहे, घाबरू का?" असं विचारणारी नजर ती. पंखा काही खात नाहीत.

चिकित्सक:
मग २००५ चा हंगेरीतला प्रयोगही घ्या. खाणं असं अडकवून ठेवलं की जनावराला काढता येऊ नये. कुत्री लगेच माणसाच्या तोंडाकडे बघू लागली. मांजरं फारशी बघेनात, आपली आपण खटपट करत राहिली.

वाघाची मावशी:
अहो, हे तर तुमच्याच विरुद्ध जातं! खाणं अडकलेलं असूनही मांजरं माणसाकडे फारशी बघत नाहीत, मग बघणं म्हणजे तगादा कसा?

चिकित्सक:
उलट तेच म्हणतोय. ते उपजत नाही, घरोघरी आपण लावलेली सवय आहे.

चौदावा मजला, ठाणे:
तुम्हा दोघांच्या घराला अंगण-गच्ची असावी. आमच्या खिडक्यांना जाळी, दार बंद, उंदीर नाही, पाल क्वचित. दिवसभर घरात हलणारी वस्तू म्हणजे मी. शिकारी जनावर हलत्या वस्तूकडे नाही बघणार तर काय भिंतीकडे? याला माया म्हणू नका, मतलबही म्हणू नका, कंटाळा म्हणा. पिसाची काठी आणून रोज संध्याकाळी खेळवायला लागल्यापासून माझ्यावरचा पहारा बराच कमी झालाय.

चिकित्सक:
हे मला जास्त पटतं. पण खरी परीक्षा सांगू? खाणं वेळेवर आपोआप टाकणारं यंत्र मिळतं, ते लावा. मग मांजर कोणाकडे बघतं ते कळवा.

सुकट-बोंबील:
शेजाऱ्यांकडे आहे ते. मांजर यंत्राकडे बघत बसतं.

वाघाची मावशी:
आणि खाऊन झाल्यावर?

सुकट-बोंबील:
शेजाऱ्यांकडे.