दूरच्या ओळखीही चालतात

बी.फार्म.नंतर पेटंटचं काम कसं असतं हे तुला जाणून घ्यायचंय, पण विचारायला जवळचं कुणी नाही. काळजी नको, अनेकदा दूरच्या ओळखीच जास्त कामी येतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या लेखात, ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली होती.

पेटंटचं काम करणाऱ्या कॉलेजच्या एखाद्या सीनियरकडे बोलायला वीस मिनिटं माग. नोकरीचा विषय काढू नकोस, बायोडेटाही जोडू नकोस. पेटंट एजंटच्या (म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या) परीक्षेची माहिती नेटवर मिळते, त्यात त्यांचा वेळ नको घालवूस. दिवसातलं ड्राफ्टिंग (पेटंटचे अर्ज लिहिणं) किती, जुनी पेटंटं शोधण्यात किती वेळ जातो, कशाचा कंटाळा येतो, ते विचार. आणि उठण्याआधी ‘अजून कुणाशी बोलू?’ हे विचारच, पुढची ओळख तिथूनच निघते.