संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस नेमका कोण निवडतो?

जिज्ञासू

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील ९७ वे कलम वाचले असता सरचिटणिसाच्या नेमणुकीबाबत त्यात एवढेच आढळते की, सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून आमसभेने ही नेमणूक करावी. मुदत किती असावी, उमेदवार कोणी सुचवावा, नावे किती असावीत, यांपैकी कशाचाही उल्लेख तेथे नाही. अंतोनियो गुटेरेस यांची दुसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपत असल्याने या विषयावर बरेच लिहिले जाते. परंतु बहुतेक लेखांत कोण होणार याचीच चर्चा असते, कसे ठरणार याची क्वचितच. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. नेमणूक जर आमसभा करत असेल, तर १९३ देशांच्या त्या सभेला परिषदेने पाठवलेले नाव फेटाळता येते का, किंवा एकाऐवजी दोन-तीन नावे मागता येतात का? आणि २००६ मध्ये शशी थरूर दुसऱ्या क्रमांकावर होते असे आपण नेहमी ऐकतो. आमसभेपुढे त्यांचे नाव गेलेच नव्हते, तर हा क्रमांक कोठे लागला?

नोंदवही

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे निम्मेअधिक उत्तर त्यातच आहे. औपचारिक मतदानापूर्वी सुरक्षा परिषद बंद दाराआड सदस्यांचा कल अजमावते. पंधराही सदस्यांना प्रत्येक उमेदवाराच्या नावाची चिठ्ठी मिळते आणि त्या उमेदवारास प्रोत्साहन द्यावे, परावृत्त करावे की आपले काही मत नाही, यांपैकी एका पर्यायावर खूण करून ती परत द्यायची असते. सुरुवातीच्या फेऱ्यांत चिठ्ठ्या एकसारख्या असतात. त्यामुळे प्रतिकूल खूण पाच स्थायी सदस्यांपैकी कोणाची आहे की उरलेल्या दहांपैकी, हे कळायला मार्ग नसतो. पुढच्या टप्प्यावर स्थायी सदस्यांच्या चिठ्ठ्यांचा रंग बदलतात आणि मग नकाराधिकार कोणाविरुद्ध वापरला जाईल हे उघड होते. २ ऑक्टोबर २००६ च्या फेरीत बान की-मून यांना १४ अनुकूल खुणा मिळाल्या आणि एका सदस्याने मत नोंदवले नाही. थरूर यांना १० अनुकूल आणि ३ प्रतिकूल खुणा मिळाल्या. त्या तिनांपैकी एक स्थायी सदस्याची होती. परिषदेच्या शिफारशीसाठी लागणाऱ्या किमान नऊ मतांची अट पूर्ण होत असूनही त्या एका खुणेने विषय संपला आणि थरूर यांनी माघार घेतली.

ही पद्धत १९८१ च्या कोंडीतून निघाली. त्या वर्षी कुर्ट वाल्डहाइम तिसरी मुदत मागत होते आणि चीनने त्यांच्याविरुद्ध सोळा वेळा नकाराधिकार वापरला. दुसरीकडे टांझानियाचे सलीम अहमद सलीम यांना अमेरिका वर येऊ देत नव्हती. कित्येक आठवडे ही रस्सीखेच चालल्यावर परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष, युगांडाचे ओलारा ओटुन्नू, यांनी दोघांनाही बाजूला होण्यास राजी केले, बाकीच्या नावांवर अनौपचारिक कल घेतला आणि पेरूचे हाविएर पेरेझ दे क्वेयार निवडले गेले. नकाराधिकार उघडपणे न वापरता त्याची चाहूल देता यावी, ही सोय तेव्हापासून सर्वांनाच मानवली आहे.

आता आमसभेविषयी. कायद्याने पाहिले तर ती नाव फेटाळू शकते. आजवर तसे एकदाही घडलेले नाही. एकच नाव पाठवण्याची प्रथा मात्र परिषदेने लादलेली नाही, आणि ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. २४ जानेवारी १९४६ च्या ठरावात आमसभेनेच असे नमूद केले की, परिषदेने एकच उमेदवार सुचवणे इष्ट आहे आणि त्या नावावर सभेत चर्चा टाळावी. पाच वर्षांची मुदतही त्याच ठरावातली. म्हणजे आमसभेने आपले हात स्वतःच बांधून घेतले आहेत आणि सनदेला धक्का न लावता, नव्या ठरावाने, ती ते सोडवून घेऊ शकते.

मध्यममार्गी

नोंदवही यांनी दिलेला तपशील बिनचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. परिषदेने तीन नावे पाठवली, तरी ती तिन्ही पाच स्थायी सदस्यांच्या चाळणीतूनच गेलेली असतील. ज्याला एकाही स्थायी सदस्याचा विरोध आहे असा माणूस त्या यादीत येणारच नाही. आमसभेने हिंमत दाखवली की काय होते, याचा अनुभव १९५० मध्ये आलेला आहे. कोरियातील युद्धाच्या प्रश्नावरून सोव्हिएत संघाने त्रिग्वे ली यांच्या फेरनियुक्तीवर नकाराधिकार वापरला आणि ली यांच्याखेरीज अन्य कोणालाही रोखण्याची तयारी अमेरिकेने दाखवली. शिफारस येत नाही असे पाहून आमसभेने ४६ विरुद्ध ५ मतांनी ली यांची मुदत परस्पर तीन वर्षांनी वाढवली. सभेचा विजय झाला खरा, पण सोव्हिएत गटाने त्यांना सरचिटणीस मानण्याचेच सोडून दिले आणि पत्रव्यवहार सचिवालयाच्या नावे सुरू ठेवला. नोव्हेंबर १९५२ मध्ये ली यांनी राजीनामा जाहीर केला. ज्याच्याशी एखादी महासत्ता बोलतच नाही, असा सरचिटणीस १९३ मतांनी निवडून आला तरी मध्यस्थी कोणामध्ये करणार?

जिज्ञासू

दोघांचेही आभार. चिठ्ठ्यांच्या रंगाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मध्यममार्गी यांचा युक्तिवाद मान्य केला, तर मग ज्या संस्थांत नकाराधिकार नाही तेथे तरी निवड अधिक मोकळी होते का?

तिसरी बाजू

होते, पण प्रत्येक ठिकाणी अडचण वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेत पूर्वी ३४ सदस्यांचे कार्यकारी मंडळ एकच नाव पुढे पाठवत असे. मे २०१७ मध्ये प्रथमच तीन नावे जागतिक आरोग्य सभेपुढे गेली आणि गुप्त मतदानात इथिओपियाचे टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस शेवटच्या फेरीत १३३ विरुद्ध ५० मतांनी निवडून आले. नोंदवही ज्या बदलाची अपेक्षा करत आहेत, त्याचा हा नमुना समजावा. प्रचाराच्या काळात उमेदवारांवर जाहीर आरोपही झाले, परंतु निकालानंतर वैधतेविषयी कोणाला शंका उरली नाही. युनेस्कोत त्याच वर्षी ५८ सदस्यांच्या कार्यकारी मंडळात फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि फ्रान्सच्या ओद्रे आझुले अखेर ३० विरुद्ध २८ मतांनी जिंकल्या. अशा निसटत्या निकालानंतर पराभूत बाजूला सोबत घेऊन चालणे सोपे नसते.

जागतिक व्यापार संघटनेत तर मतदान जवळजवळ निषिद्ध आहे. तेथे तीन वरिष्ठ राजदूत एकेका सदस्य देशाला एकांतात भेटून पसंती विचारतात आणि सर्वसहमती कोणाभोवती होऊ शकेल याचा अंदाज बांधतात. सर्वसहमती म्हणजे प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार. १९९९ मध्ये न्यूझीलंडचे माइक मूर आणि थायलंडचे सुपाचाई पानिचपाकडी यांच्यातला तिढा सुटेना, तेव्हा दोघांना तीन-तीन वर्षे वाटून देण्यात आली. हा तोडगा हास्यास्पद वाटला तरी संस्था बिननेतृत्वाची राहिली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये न्गोझी ओकोंजो-इवेला यांना सर्वाधिक पाठिंबा असल्याचे जाहीर झाल्यावर एकट्या अमेरिकेने आडकाठी केली आणि तेथील सरकार बदलल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांची नेमणूक होऊ शकली.

त्यामुळे नकाराधिकार काढला की प्रश्न सुटतो, असे मला वाटत नाही. मात्र उमेदवार सर्वांसमोर यावेत, एवढे तरी व्हायलाच हवे. २०१६ च्या निवडीत ते पहिल्यांदा झाले: आमसभा आणि परिषद यांच्या अध्यक्षांनी संयुक्त पत्र पाठवून नावे मागवली आणि उमेदवारांना आमसभेत सदस्य देशांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे द्यावी लागली. एकूण १३ उमेदवारांत सात महिला होत्या. गुटेरेस तेथे उठून दिसले आणि नंतर परिषदेच्या सहाही फेऱ्यांत आघाडीवर राहिले. ५ ऑक्टोबरला, रंगीत चिठ्ठ्यांच्या एकमेव फेरीत, १३ अनुकूल आणि एकही प्रतिकूल खूण नाही असा निकाल लागल्यावर रशियाचे राजदूत विताली चुर्किन इतर चौदा राजदूतांना मागे उभे करून पत्रकारांपुढे आले आणि त्यांनी ते नाव सांगून टाकले. जाहीर मुलाखतींमुळेच ते निवडले गेले असे सिद्ध करता येणार नाही. पण तोपर्यंत ज्यांचे नाव घेतले जात नव्हते, ते त्यामुळे चर्चेत आले, एवढे नक्की.

नोंदवही

मध्यममार्गी यांच्या १९५० च्या उदाहरणाला एक पुरवणी जोडतो. महासत्तेची नाराजी नेमणुकीच्या वेळी जितकी जाचते, त्याहून अधिक फेरनियुक्तीच्या वेळी जाचते. नोव्हेंबर १९९६ मध्ये बुट्रोस बुट्रोस-घाली यांच्या बाजूने १४ आणि विरुद्ध केवळ अमेरिकेचे, अशी मते पडली आणि त्यांना जावे लागले. दुसऱ्या मुदतीची आशा असलेला सरचिटणीस पहिल्या पाच वर्षांत पाचही राजधान्यांकडे पाहून पावले टाकणार, हे ओघाने आलेच. फेरनियुक्ती नसलेली सात वर्षांची एकच मुदत ठेवावी, ही सूचना याच कारणाने वारंवार पुढे येते. यादीत नावे किती असावीत हा वाद बाजूला ठेवला, तरी मुदतीचा निर्णय आमसभेच्याच ठरावावर अवलंबून आहे. २०१५ मध्ये जाहीर मुलाखतींची प्रथा घालून देणारा ठराव करताना तिने तेवढा भाग पुढील विचारार्थ ठेवून दिला आणि २०२१ मध्ये गुटेरेस यांच्याविरुद्ध एकाही देशाने उमेदवार उभा केला नाही.