अप्रेझलला 'कम्युनिकेशन सुधारा' एवढंच लिहिलंय, नेमकं काय सुधारू? फीडबॅक मागायचा तरी कसा?

चाकण_क्यूए:
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. कस्टमर कम्प्लेंट आली की एट-डी (तक्रारीवरचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) बनवणं, लाईनवर रिजेक्शन बघणं, ऑडिटची तयारी, हे माझं काम. यंदा अप्रेझलला रेटिंग मधलंच मिळालं आणि रिमार्कमध्ये एकच ओळ, कम्युनिकेशन आणि ओनरशिप सुधारण्याची गरज आहे. बॉसना विचारलं, सर नेमका कुठे कमी पडतोय, तर म्हणाले अरे तसं काही नाही, चांगलं चाललंय, करत राहा. आता चांगलं चाललंय तर रिमार्क कशाला, आणि रिमार्क खरा असेल तर मला कळायला नको का? माणूस चांगला आहे, अडीअडचणीला उभा राहतो, पण तोंडावर कुणाला काही बोलत नाही. मला पुढे सिनियर इंजिनियर व्हायचंय, त्यामुळे खरंच जाणून घ्यायचंय. पण सारखं विचारलं तर त्यांना वाटेल याला रेटिंगचंच पडलंय. कसं विचारायचं?

सातपूर_एमआयडीसी:
भावा, 'मी कुठे कमी पडतो' असं विचारलंस की समोरच्याला तुझ्याबद्दल मत द्यावं लागतं आणि आपल्याकडे बहुतेक साहेब लोकांना ते जमत नाही, म्हणून 'चांगलं चाललंय' येतं. त्यांच्यासमोर कागद ठेव. पुढची कम्प्लेंट आली की एट-डीचा ड्राफ्ट कस्टमरकडे जायच्या आधी घेऊन जा आणि विचार, सर, तुम्ही कस्टमरच्या जागी असता तर कुठल्या ओळीवर अडला असता? बघ कसं पेन काढतात ते.

उदाहरण देतो. बर (कडेला राहिलेला धातूचा धारदार कंगोरा) राहिला म्हणून पार्ट परत आला. नवीन मुलं डी-फोरमध्ये, म्हणजे मूळ कारणात, लिहितात ऑपरेटरचं लक्ष नव्हतं आणि डी-फाईव्हमध्ये, म्हणजे उपायात, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, खाली सहीचा कागद जोडला की झालं. कस्टमरचा माणूस हे पहिल्या फटक्यात परत पाठवतो. बर का आला, तर टूल झिजला होता. झिजलेला टूल का चालला, तर टूल लाईफ मोजत नव्हते. का मोजत नव्हते, तर टूल बदलल्यावर काउंटर शून्यावर आणायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. इथपर्यंत जायला हवं. शिवाय बर आला तो आला, पण फायनल इन्स्पेक्शनला का सापडला नाही, या डिटेक्शनचा व्हाय-व्हाय (असंच का, का विचारत मुळापर्यंत जाणं) वेगळा लागतो आणि तो निम्मे लोक करतच नाहीत. तुझे साहेब 'ओनरशिप' म्हणतात ती कदाचित हीच असेल, की तू ऑपरेटरवर थांबतोस का सिस्टिमपर्यंत जातोस.

कम्युनिकेशनचंही तसंच. बऱ्याच कस्टमरना २४ तासांत डी-थ्री (तात्पुरता बंदोबस्त) हवा असतो, म्हणजे गोडाऊनला, ट्रान्झिटमध्ये, त्यांच्या लाईनवर किती माल आहे आणि सॉर्टिंग कोण करतंय. ते तुझ्याकडून कळायच्या आधी कस्टमरचा फोन साहेबांना गेला तर त्यांची पंचाईत होते. इंग्रजीचा क्लास लावायच्या आधी हे विचारून घे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते जे सांगतील ते पुढच्या रिपोर्टमध्ये करून दाखव, सांगून दाखव, की सर, मागच्या वेळी म्हणालात तसा डिटेक्शनचा व्हाय वेगळा काढलाय. सांगितलेलं वाया जात नाही हे कळलं की माणूस आपणहून बोलायला लागतो.

एचआर_ताई_पुणे:
वरच्या दादांचं पटलं. यावर जुना अभ्यासही आहे, क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये आधीचे बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट खालावलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की नुकसान होतं. 'ओनरशिप कमी' या रिमार्कनं नेमकं तेच होतं, माणूस घरी जाऊन मी असा कसा यावरच विचार करत बसतो.

दुसरं, अप्रेझलच्या मीटिंगमध्ये शिकायला जाऊ नका. तिथे पैशांचा विषय असतो, दोघंही सांभाळून बोलतात. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१२ मध्ये वार्षिक अप्रेझल बंद करून वर्षभर छोट्या चेक-इन भेटी सुरू केल्या. तुमच्याकडे तसं नसेल तर तुम्हीच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पंधरा मिनिटं मागा, सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगनंतर चारचौघांत नको. आणि ते बोलत असताना स्पष्टीकरण देऊ नका हो, खरं असलं तरी. 'पण सर त्या दिवशी मशीन बंद होतं' म्हटलं की पुढचं वाक्य येतच नाही. लिहून घ्या, एखादा प्रसंग विचारा, बस.

रांजणगाव_लाईनलीडर:
साहेबांनाच का विचारता, आम्हाला विचारा की. क्वालिटीवाले येतात, क्रेटला होल्डचा टॅग लावतात, त्यावर फक्त 'डायमेन्शन एनजी' (नॉट गुड, म्हणजे माप चुकलंय) आणि सही. कुठलं डायमेन्शन, किती पीस, सॉर्टिंग करायचं का रिवर्क, काहीच नाही. सेकंड शिफ्टला तो क्रेट तसाच पडून राहतो, लोक फोन करतात, फोन लागत नाही. कम्युनिकेशन म्हणतात ते हे. एकदा शिफ्ट बदलताना उभे राहा आणि विचारा, मी लिहिलेला टॅग वाचून पुढे काय करायचं ते कळतं का. ऑपरेटर लोक पहिल्यांदा 'हो साहेब' म्हणतील. टॅग हातात द्या आणि म्हणा, समजा मी घरी गेलोय, आता तुम्ही काय करणार, मग खरं कळेल.

औरंगाबादकर_टूलरूम:
सगळ्यांना विचारत फिरू नको पण. एक म्हणेल रिपोर्ट सविस्तर लिही, दुसरा म्हणेल एका पानात संपव. ज्याला तुझं काम पुढे वापरावं लागतं त्याचं आधी ऐक.

चाकण_क्यूए:
सगळ्यांचे मनापासून आभार, रिमार्क वाचल्यापासून डोक्यात भुंगा होता तो गेला. थ्रेडिंगची एक कम्प्लेंट सध्या हातात आहे, डी-फोरचा ड्राफ्ट उद्याच सरांपुढे ठेवतो. टॅगचं तर डोक्यातच नव्हतं, आमच्याकडेही 'एनजी' आणि सहीच असते. एक विचारायचंय, सर जे सांगतील ते मेलवर टाकू का? पुरावा गोळा करतोय असं वाटायला नको.

एचआर_ताई_पुणे:
टाका, पण दोन ओळी. 'सर, डी-फोरमध्ये डिटेक्शनचा भाग वाढवतोय, सुधारलेला रिपोर्ट गुरुवारी पाठवतो.' तुम्ही काय करणार तेवढंच, ते काय बोलले ते नको.